कावीळ हातातून उतरत नाही

पंचगंगेला पूर येऊन गेला की कोल्हापूरच्या पेठांत आणि करवीरच्या गावांत कावीळ 'उतरवून' घ्यायला रांग लागते. चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ उतरली, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. पण आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असेल, तर धडधाकट माणसाचंही पाणी पिवळंच होतं.

पावसाळ्यातली ही कावीळ बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची. 2012 मध्ये इचलकरंजीत तिचीच मोठी साथ आली होती. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून विषाणू पोटात जातो, तिथून यकृतात, आणि काही आठवडे गुपचूप वाढतो. गंमत अशी, की यकृताची नासधूस मुख्यतः तो स्वतः करत नाही. विषाणू शिरलेल्या पेशींना आपल्याच संरक्षक पेशी मारतात. मग बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य रक्तात साठतं आणि डोळे पिवळे दिसतात. बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत आपोआप सावरतं. श्रेय मात्र चुन्याला जातं!

गरोदर बाईला तर कृपा करून कावीळ उतरवायला नेऊच नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिला थेट दवाखान्यात न्या, आणि घरात सगळ्यांनीच पाणी उकळून प्या.