तुळईवरचे 20 मिलिमीटर

गंगापूर धरणाच्या पाण्यावर केबिनची बोट असो की पंचवटीतला जुना वाडा, बुटक्या तुळईचा त्रास सारखाच. फरक इतकाच, की बोटीत पायाखालची जमीनही डुलते. माणूस तोल सावरत उठतो आणि टाळू थेट लाकडाच्या धारेवर आपटते. उपाय म्हणजे तुळईवर फोम चढवणं.

डोकं साधारण 5 किलोचं. जरा भरभर चालतानाचा वेग सेकंदाला दीड मीटर धरा. उघड्या लाकडावर डोकं थांबतं ते जेमतेम 2 मिलिमीटरमध्ये, म्हणजे कातडी दबेल तेवढ्यात. हिशेब केला तर सरासरी झटका गुरुत्वाच्या 57 पट येतो. 20 मिलिमीटरचा फोम 12 मिलिमीटर दबला, तर तोच 10 पटींच्या आत राहतो.

पण फोम दबून संपला, की पुन्हा लाकूडच लागतं. गादीचा मऊ स्पंज इथेच फसवतो. शिवाय तो पाणी पितो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बंद छिद्रांचा ईव्हीए फोम घ्या, चपलांच्या तळव्यात असतो तसा. तुकडा लाकडावर ठेवून मूठ हलकेच आपटा. खालचं लाकूड जाणवलं, तर तो नको.

आधी रंधा आणि पॉलिश पेपर मारून तुळईची धार गोल करा. धारेवर सगळा जोर चिंचोळ्या रेषेत एकवटतो, खोक पडते ती त्यामुळेच. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलीवर फोम चिकटवला तर आतल्या आत कुजतं. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटं थांबा, मग एका टोकापासून दाबत जा. खिडक्या उघड्या ठेवा आणि स्टोव्ह बंद. त्या वाफा पेट घेतात.

नाशिकच्या मे महिन्यात बंद केबिन भट्टीसारखी तापते, सोल्यूशन मऊ पडतं आणि फोमच्या कडा सुटतात. म्हणून वरून रेक्झिन ताणून, कडा वर वळवून स्टेनलेस स्टीलच्या पिना मारा. साध्या पिना गंजून रेक्झिनवर डाग पाडतात. पिना आखूडच हव्यात. वरच्या डेकपर्यंत भोक गेलं, की पाणी झिरपलंच.

खालच्या अंगाला मात्र 10 मिलिमीटरच फोम लावा, पूर्ण जाडी ये-जा होते त्या बाजूला आणि गोल केलेल्या कडेवर. आधीच कमी उंचीतून आणखी 20 मिलिमीटर गेले, तर पूर्वी निसटणारी डोकीही आपटतील. रेक्झिन पिवळं किंवा पांढरं घ्या, संध्याकाळच्या अंधुक उजेडातही तुळई दिसते. स्टोव्हच्या वरच्या तुळईवर फोम अजिबात नको.