पार्श्वभूमी: ब्रुअरीच्या पबमधली कुटुंबे

विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये पब चालवलेल्या घरांच्या आठवणी आता मुले-नातवंडे लिहून ठेवू लागली आहेत. वडिलांचे तळघर, काउंटरमागची आई, वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्या यांबद्दल त्यांत भरभरून असते. वडील गेल्यावर थोड्याच काळात घर का सोडावे लागले, याचा उलगडा मात्र क्वचितच होतो. तो त्या काळच्या भाडेकरारात आहे.

1869 नंतर इंग्लंड-वेल्समध्ये बिअरचे परवाने मॅजिस्ट्रेटच्या हाती गेले आणि नवा परवाना मिळणे कठीण झाले. ज्या इमारतीला परवाना होता तिलाच किंमत आली, आणि ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, अशा इमारती भराभर विकत घेतल्या. 1950 च्या दशकापर्यंत बहुतेक पब त्यांचेच होते. काहींवर पगारी मॅनेजर असे, बाकीचे भाडेकरूकडे. भाडेकरूने बिअर फक्त मालक ब्रुअरीची आणि तिच्याच भावाने घ्यायची; ही बांधीव खरेदी. पुष्कळ करारांत दारू आणि वाइनही तशीच. रोख भाडे कमी ठेवलेले असे, ती कसर पिंपाच्या भावात निघे. एकाला ड्राय रेंट म्हणत, दुसऱ्याला वेट रेंट. खप वाढला की भाडेही आपोआप वाढे.

तळघर हे या धंद्याचे खरे काम. पिंपे आडवी, लाकडी घोडीवर, पाचरी मारून ठेवायची. पोटाचे बूच वर, तोटीचे भोक पुढच्या बाजूला खाली. 9 गॅलनचे पिंप (सुमारे 41 लिटर, 72 पाइंट) एकट्याला हलवता येई. 36 गॅलनच्याला दोघे लागत. बिअर पिंपात अजून आंबत असते. म्हणून वरच्या बुचात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून वायू सोडायचा आणि फेस थांबला की कठीण लाकडाची खुंटी बसवायची. उशीर झाला तर बिअर मिळमिळीत होते, घाई केली तर ग्लासात नुसता फेस. गाळ बसवायला जो पदार्थ घालत तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून होई. आपल्या कोळीवाड्यांत तिला बोत म्हणतात. उन्हाळ्यात तळघर तापले की तो निकामी होतो आणि बिअर गढूळ राहते. म्हणून पिंपांवर ओली पोती टाकून उष्णता 12-13 अंशांवर राखायची धडपड चाले. तोटी लाकडी हातोड्याने एका सणसणीत फटक्यात बसली पाहिजे. हात कचरला की बिअरचे कारंजे उडते. पिंप निम्म्यावर येण्याआधीच मागची बाजू अगदी सावकाश उचलायची, तेही बिअर ओतली जात असताना, म्हणजे गाळ ढवळत नाही. एकदा आत हवा गेली की तीनेक दिवसांत पिंप संपवावे लागते, नाहीतर ते आंबट होते. तळाशी उरलेले काही पाइंट नुकसानीतच धरायचे. बिअरच्या नळ्या आठवड्यातून एकदा धुवायच्या.

1921 च्या कायद्याने साध्या दिवशी विक्रीला आठ तास (लंडनमध्ये नऊ) आणि दुपारी किमान दोन तासांची सुट्टी ठरवून दिली होती. साधारण तीनला दार लागे. त्या मधल्या वेळेत ग्लास, हिशेब, पिंपे, आणि घरचे जेवणही. 14 वर्षांखालच्या मुलांना बारमध्ये मज्जाव होता. परवानाधारकाच्या स्वतःच्या मुलांना मात्र सूट होती. म्हणूनच या आठवणी इतक्या आतून लिहिल्या गेल्या आहेत. परवाना बहुधा नवऱ्याच्या नावावर असे आणि दरवाजावर त्याचेच नाव रंगवलेले. सकाळी पुसणे, दुपारचे सँडविच, रात्रीचा गल्ला हे सारे बायकोकडे, आणि करारात तिचे नाव नाही.

1954 चा निर्णय इथे मुळाशी आहे. त्या वर्षीच्या जमीनमालक-भाडेकरू कायद्याने दुकान, कारखाना, कचेरी चालवणाऱ्याला मुदत संपल्यावर करार नवा करून घेण्याचा हक्क दिला. बसून पिण्याचा परवाना असलेल्या जागा त्यातून वगळल्या. हॉटेल किंवा खाणावळीसारखा दुसरा धंदा मोठा असेल तेवढेच अपवाद. समर्थन असे होते की, वाईट भाडेकरूमुळे परवानाच धोक्यात येतो, म्हणून मालकाला त्याला चटकन काढता आले पाहिजे. हे पटण्यासारखे नाही. परवाना हस्तांतरित करताना माणसाची लायकी मॅजिस्ट्रेट तपासतच असत, आणि गैरवर्तन करणाऱ्याला कोर्टातून काढण्याची वाट नव्या कायद्यातही होती. मुंबईत 1947 च्या भाडे कायद्याने गाळ्याच्या भाडेकरूलाही संरक्षण दिले होते. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र वीस वर्षे पिंपे उचललेल्या माणसाची विधवा ब्रुअरीच्या मर्जीवर राहिली. मॅजिस्ट्रेटने परवाना तिच्या नावावर केला तरी जागा तिची होत नसे, आणि जागा म्हणजे राहते घरही होते. जाताना हाती येई ते फर्निचर, सामान आणि उरलेल्या मालाचे मूल्य. दोन्ही बाजूंचे मूल्यमापक एकाच दिवशी यादी करत आणि नवा भाडेकरू ती रक्कम भरे. गिऱ्हाइकी जमवल्याबद्दल ब्रुअरीकडून काही मिळेल याची हमी नव्हती. ही वगळणूक 1990 च्या कायद्याने उठली.

तोपर्यंत धंदा पालटला होता. 1960 च्या दशकात केगचा प्रसार झाला: गाळलेली, पाश्चराइझ केलेली, वायूच्या दाबाने वर येणारी बिअर. तिला तळघरातली निगा जवळजवळ लागत नाही, त्यामुळे त्या हाताच्या कसबाची किंमतही उतरली. 1967 मध्ये वाहनचालकांसाठी 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आली आणि गावाबाहेरच्या पबांना ती जाणवली. दुपारी दार लावण्याची सक्ती साध्या दिवसांपुरती 1988 मध्ये गेली.

1989 मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींना सांगितले की, 2,000 हून जास्त पब असतील तर त्यावरच्यांपैकी निम्मे 1992 पर्यंत बांधीव खरेदीतून मोकळे करा किंवा विका. भाडेकरू सुटेल अशी अपेक्षा होती. ब्रुअरींनी पब विकले खरे, पण ते घेतले स्वतः बिअर न बनवणाऱ्या कंपन्यांनी. मर्यादा ब्रुअरींनाच लागू असल्याने या कंपन्या तिच्यातून सुटल्या, आणि बांधीव खरेदी तशीच राहिली. तो आदेश 2003 मध्ये रद्द झाला. इंग्लंड-वेल्समध्ये 2016 पासून, 500 किंवा अधिक बांधीव पब असलेल्या मालकाच्या भाडेकरूला ठराविक प्रसंगी बाजारभावाने निव्वळ भाडे भरून बिअर कुठूनही घेण्याचा पर्याय मागता येतो. त्याहून लहान मालकांचे भाडेकरू त्या नियमाबाहेर आहेत.