ऑनलाइन देवघेव आणि बनावट ईमेल (कोकण किनारपट्टी)

मोबाइल किंवा ईमेलवरून पैसे देता-घेताना खरा व्यवहार आणि बनाव यांतला फरक ओळखण्याची रीत. कोकणात तिचं महत्त्व जास्त, कारण इथला हंगामी धंदा न पाहिलेल्या माणसाशी चालतो. देवगडचा बागायतदार पुण्याच्या गिऱ्हाइकाला हापूसची पेटी धाडतो, तारकर्लीत मुंबईच्या कुटुंबासाठी खोली राखून ठेवतात, आणि दोन्हीकडे भरवसा असतो तो आधी आलेल्या ॲडव्हान्सवर. ठकसेन नेमके इथेच शिरतात.

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. त्याचा एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही. ऐन मे महिन्यात होमस्टेवाल्याला फोन येतो, ‘मी सैन्यात आहे, चार खोल्या हव्यात.’ पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड. ‘स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल.’ स्कॅन केल्यावर पाच हजारांचा आकडा दिसतो, खाली पिनची जागा. गडबडीत माणूस आकडाच बघतो आणि पिन टाकतो. पाच हजार त्याच्याच खात्यातून जातात. पैसे भरल्याचा नुसता स्क्रीनशॉट पाहून पेटी एसटीत चढवणंही तसंच धोक्याचं. आधी आपल्या खात्यातली शिल्लक बघावी.

ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते कुणालाही हवं तसं लिहिता येतं, म्हणून ॲट चिन्हापुढचा पत्ता वाचावा, तोही शेवटाकडून. सुरुवातीला बँकेचं नाव आणि शेवटी भलतंच काही असेल तर तो पत्ता बँकेचा नव्हे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं, त्यामुळे बँकेचं संकेतस्थळ ओळखणं सोपं झालं. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. ते बनावट पानांवरही असतं. पूर्वी चुकीच्या भाषेवरून बनाव कळायचा, आता मजकूर सफाईदार असतो. ‘केवायसी आजच करा, नाहीतर खातं बंद’ अशी घाई दिसली की थांबावं. पाठवणाऱ्याचा पत्ताही हुबेहूब नकलता येतो, म्हणून लिंक न दाबता बँकेचं ॲप स्वतः उघडून पाहणं उत्तम.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवावं. गावात बोभाटा होईल म्हणून लोक दोन दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे खात्याखात्यांतून पार होतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी सांगितला असला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रारीला व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक लागतो. तो ॲपच्या इतिहासात सापडतो, म्हणून घाबरून मेसेज पुसू नयेत की ॲप काढून टाकू नये.