साडेआठशे वॅटचा एसएमपीएस साडेआठशे वॅट खातो का?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. कॉम्प्युटर असेंबल करायचाय, आत्ता साधंच ग्राफिक्स कार्ड टाकणार, पण दोन-तीन वर्षांनी मोठं घ्यायचा विचार आहे, मग एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय) आत्ताच मोठा घेतला तर वीजबिल उगाच वाढेल ना? नाही वाढणार. ८५० वॅट हा आकडा तो किती खातो याचा नाही, जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा आहे. टाकी हजार लिटरची आहे म्हणून बादली भरायला हजार लिटर लागत नाही. कॉम्प्युटरने १५० वॅट मागितले तर ८५० वाला १५०च देतो, वर त्याच्या स्वतःच्या पोटात उष्णता होऊन जाणारे वीसेक वॅट भिंतीतून जास्तीचे ओढतो, संपलं.

पण वॅटच्या या आकड्यात मला फारसा रस नाही. रस आहे तो अपग्रेडनंतरच्या एका ठराविक तक्रारीत. नवीन कार्ड बसवलं, सगळं छान चाललंय, आणि गेम ऐन रंगात आला की कॉम्प्युटर खाडकन बंद. मग माणूस कागदावर हिशोब मांडतो की प्रोसेसर १२५, कार्ड ३२०, बाकी सगळं मिळून ७०, झाले ५१५, आणि माझा एसएमपीएस तर ६५० चा आहे, मग बंद का पडला? बेरीज बरोबर आहे. चूक एवढीच की ती सरासरीची बेरीज आहे, आणि चिप काही सरासरीने वीज ओढत नाही.

हे समजायला त्या डब्यात काय चालतं ते बघू, थोडं लांबेल पण मला हा भाग फार आवडतो.

पूर्वीचे पॉवर सप्लाय म्हणजे लोखंडाचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर. तो मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, ५० हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला फक्त पन्नास खेपा मारतो. ६०० वॅट पोचवायचे तर एका खेपेत १२ ज्यूल न्यायला हवेत, म्हणून हंडा मोठा लागतो. एसएमपीएसमधला पहिला एस म्हणजे स्विच. यात मेन्सची वीज आधी डीसी करतात (२३० व्होल्टचं शिखर असतं सुमारे ३२५ व्होल्ट, पुढे ते आणखी चढवून ३८० च्या आसपास नेतात) आणि मग मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ती डीसी सेकंदाला साधारण लाखभर वेळा चालू-बंद करून एका छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतात. लाख खेपा मारल्या की एका खेपेला सहा मिलिज्यूल पुरतात, हंड्याऐवजी तांब्या चालतो. १९७७ च्या अॅपल टू मध्ये रॉड होल्ट या इंजिनिअरने असाच स्विचिंग सप्लाय बसवला होता, म्हणून तो कॉम्प्युटर हलका झाला आणि पंख्याशिवाय चालला.

व्होल्टेज चढवण्याच्या त्या पायरीलाच पॉवर फॅक्टर करेक्शन म्हणतात (पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरोखर कामी येतो ते). ते नसेल तर सप्लाय मेन्सच्या लाटेच्या फक्त शिखरावर करंटचे लचके तोडतो. याच पॉवर फॅक्टरचं नाव घेऊन 'प्लगमध्ये लावा आणि बिल निम्मं करा' म्हणत छोट्या डब्या विकल्या जातात, आत बहुतेक एक कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आणि एक एलईडी. घरगुती मीटर साधारणपणे खरे वॅट मोजतो, पॉवर फॅक्टर नाही, त्यामुळे त्या डबीने उजळतो तो फक्त एलईडी. असो.

आता मुख्य मुद्दा. बाहेर १२ व्होल्ट कायम राहावेत म्हणून एक कंट्रोलर सतत आउटपुटवर डोळा ठेवून असतो, व्होल्टेज जरा खाली गेलं की स्विचिंगची लय बदलून जास्त ऊर्जा सोडतो. पण त्याला हे कळायला आणि करायला थोडा वेळ लागतोच. तेवढ्या वेळात वीज कुठून येते? आउटपुटवरच्या कपॅसिटरमधून. समजा कार्डाने अचानक ३०० वॅट जास्तीचे मागितले. १२ व्होल्टवर ते झाले २५ अॅम्पियर. आउटपुटला समजा एकूण १०,००० मायक्रोफॅरड कपॅसिटर आहेत. १०० मायक्रोसेकंदात अडीच मिलिकूलॉम चार्ज निघून गेला, भागाकार केला तर व्होल्टेज पाव व्होल्टने उतरलं. चालतं, कारण एटीएक्सच्या (कॉम्प्युटरच्या सप्लायसाठी ठरवलेल्या मानकाच्या) नियमात १२ व्होल्टला निदान पाच टक्के म्हणजे ०.६ व्होल्ट इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. पण कंट्रोलर मिलिसेकंदभर झोपून राहिला तर तीच घसरण अडीच व्होल्टची होईल आणि खेळ खल्लास. म्हणजे सगळा खेळ काहीशे मायक्रोसेकंदांचा आहे, आणि डब्यावरचा ६५० हा आकडा त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

आणि आजची ग्राफिक्स कार्डं नेमकं हेच करतात. एका फ्रेमचं काम आलं की हजारो कोअर एकदम जागे होतात, मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी कार्ड आपल्या ठरलेल्या वॅटच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर उडी मारतं आणि परत खाली येतं. साध्या वॅटमीटरवर हे दिसतसुद्धा नाही. या उडीला एसएमपीएसमधलं संरक्षण सर्किट कधीकधी शॉर्टसर्किट समजतं आणि सगळं बंद करतं. कार्ड ठीक, सप्लायही ठीक, फक्त दोघांचं जमत नाही.

म्हणून २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये लिहून टाकलं की सप्लायने रेटिंगच्या दुप्पट लोड १०० मायक्रोसेकंद सहन केला पाहिजे. भविष्यासाठी घेताय तर मी आधी हे बघेन की ३.० किंवा ३.१ आहे का, वॅट त्यानंतर. जुन्या डिझाइनचा ८५० आणि नव्या डिझाइनचा ७५० यात मी डोळे झाकून दुसरा उचलेन.

ऊर्जेचं दुसरं कोठार म्हणजे आतला मोठा कपॅसिटर, मेन्सच्या बाजूचा. ४७० मायक्रोफॅरड, ३८० व्होल्ट धरा, साठलेल्या ऊर्जेच्या सूत्राने (कपॅसिटरची क्षमता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं अर्धं) सुमारे ३४ ज्यूल. ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो सप्लाय चालतो असं मानलं तर त्यातले तेराएक ज्यूल वापरता येतात, म्हणजे ६०० वॅटवर वीसेक मिलिसेकंद. यूपीएसला बॅटरीवर जायला जे काही मिलिसेकंद लागतात ते यातून निभतात. मेन्स गेल्यावर पूर्ण लोडवर सप्लायने किती वेळ तग धरायचा, ही अट एटीएक्स ३.१ ने १७ वरून १२ मिलिसेकंदावर आणली, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आता निवडायचं कसं ते पटकन सांगतो. डब्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अॅम्पियर किती ते बघा आणि १२ ने गुणा. ५४ अॅम्पियर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे ६५० चा सप्लाय खरोखर ६५० चा. ३२च असतील तर ३८४ वॅट, बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर पडून आहेत जिथे आता फारसं कुणी मागत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीचा अख्खा सप्लाय ६३.५ वॅटचा होता आणि त्यातला मोठा वाटा ५ व्होल्टचा. आज प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्ट घेतात आणि स्वतःजवळ ते एकेक व्होल्टवर उतरवतात.

बेरीज करताना आजचं नाही, पुढचं कार्ड धरा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाला ४५० वॅट होते, ५०९० ला ५७५. प्रोसेसरचेही छापील १२५ धरू नका, इंटेलचा कोअर आय९ १४९००के टर्बोत (जोरात पळताना) २५३ पर्यंत जातो. बेरजेवर तीसेक टक्के मोकळे ठेवा, बास. १२०० वॅटचं ढेकूळ घेऊन दिवसभर ५० वॅटवर चालवलं तर तो चार टक्के लोडवर असतो, तिथे कार्यक्षमता पडते, आणि ८० प्लसची (सप्लायला कार्यक्षमतेचा बिल्ला देणारी) परीक्षा बहुतेक पातळ्यांवर २० टक्के लोडच्या खाली घेतच नाहीत.

आणि ८० प्लस गोल्ड म्हणजे सोन्यासारखा दर्जा नव्हे. ११५ व्होल्टवरची गोल्डची अट आहे २०, ५० आणि १०० टक्के लोडला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता. ४०० वॅट देताना ९० आणि ८७ मधला फरक होतो पंधराएक वॅटचा. त्या उड्या सप्लायला झेपतात का, आतले कपॅसिटर किती वर्षं टिकतील, यातलं काहीच तो बिल्ला सांगत नाही. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे थोडा मोठा सप्लाय घेण्याचा खरा फायदा तो थंड राहतो हा आहे, बिलाशी त्याचा संबंध फार थोडा.

नव्या कार्डांच्या १६ पिनी कनेक्टरबद्दल एकच. ६०० वॅट म्हणजे ५० अॅम्पियर, सहा तारांत वाटले तर प्रत्येकी ८.३, आणि पिनची क्षमता साडेनऊच्या आसपास. जुन्या ८ पिनीत १५० वॅट तीन तारांत जायचे, प्रत्येकी चारएक अॅम्पियर, तिथे हलगर्जीपणा खपून जायचा, इथे नाही. कनेक्टर अर्धवट बसला की संपर्काचा रोध वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे प्लॅस्टिक वितळतं. १२व्ही-२एक्स६ या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिना (कनेक्टर जोडलाय हे कार्डाला कळवणाऱ्या) मुद्दाम आखूड केल्यात, पूर्ण बसल्याशिवाय त्या टेकत नाहीत आणि कार्ड वीज ओढत नाही.

आणि अपग्रेड करताना सप्लाय बदललात तर जुन्या मॉड्युलर केबल (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) कृपा करून काढून टाका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कुठल्याच नियमात बसवलेली नाही, कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळी, आणि तरी कनेक्टर मात्र मजेत बसतो. मी आळस करून जुनीच साटा केबल (हार्डडिस्कला वीज देणारी) ठेवली होती, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि दोन हार्डडिस्क बटण दाबल्याच्या क्षणी गेल्या.