पंधरा मिनिटांचा रस्ता आणि पडलेलं गेट

'निघालोच बघ, पाच मिनिटांत पोचतो' असं फोनवर सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असतं. उशिरा येणाऱ्याला आपण आळशी, बेफिकीर म्हणून मोकळे होतो. पण स्वभावाला नावं ठेवण्याआधी त्याचा वेळेचा अंदाज तपासायला हवा, कारण स्वभाव बदलणं अवघड असलं तरी अंदाज नक्की सुधारता येतो.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना आपण ते सुरळीत पार पडल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणतो; मागच्या खेपेला प्रत्यक्षात काय झालं होतं, तिकडे बघतच नाही. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून थोडे जास्त. वाईटात वाईट धरून केलेला हिशेबही कमीच पडला.

आता हे बेळगावात आणून बघू. समजा, वडगावातून काँग्रेस रोडला दहा वाजता पोचायचं आहे. स्कूटीवरून पंधरा मिनिटं, म्हणून पावणेदहाला निघायचं ठरतं. पण ही पंधरा मिनिटं गाडी सुरू झाल्यापासून ती थांबेपर्यंतची. त्याआधी किल्ली शोधायची असते. दारात लावलेली दुसरी गाडी बाजूला काढायची असते. चार्जिंगला लावलेला मोबाइल वरच्या खोलीत राहिलेला असतो. तेवढ्यात आतून आई विचारते, 'येताना कोथिंबीर आणशील काय गं?' आणि त्यावर दोन वाक्यं बोलणं होतंच. तिकडे पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधायची, मग जिना चढायचा. यातलं एकही काम दोन मिनिटांच्या वर जात नाही, म्हणून एकही मोजलं जात नाही. जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स यांनी २००४ मध्ये दाखवलं, की कामाचे असे बारीक तुकडे आधी लिहून काढायला लावले तर लोकांचा वेळेचा अंदाज वाढतो आणि खऱ्याच्या जवळ जातो. पाच ओळींची यादी पुरते.

दुसरी गोष्ट गणिताची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी पंधराची पाच मिनिटं होत नाहीत. फार तर तेरा. पण टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं, की पंधराची सहज पंचवीस होतात. वेळ वाचण्याला मर्यादा आहे, वेळ वाढण्याला तशी नाही. समजा, दहा खेपांपैकी सात वेळा गेट उघडं मिळालं आणि तीन वेळा पडलेलं. सरासरी निघते १८ मिनिटं. मोठ्या शहाणपणाने तेवढी धरून निघालात, तरी दहापैकी तीनदा उशीर ठरलेलाच. म्हणून मुलाखत, डॉक्टर, परीक्षा यांसाठी गेट पडलेलंच आहे असं समजून निघावं. नेहमीच्या रस्त्याला खरा वेळ किती लागतो, तो पंधरवडाभर मोबाइलमध्ये टिपून ठेवा: खुर्चीतून उठल्यापासून तिकडे खुर्चीत बसेपर्यंत.

पण ठरवलेल्या वेळी उठणंही लक्षात राहायला हवं. गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांच्या अभ्यासातून दिसतं, की 'साडेनऊला उठायचं' हे लक्षात ठेवणं 'अमुक झालं की उठायचं' यापेक्षा अवघड जातं. पहिल्यात कोणी हाक मारत नाही, घड्याळाकडे आपल्यालाच बघत राहावं लागतं. दुसऱ्यात ती घटनाच आठवण करून देते. पीटर गॉलविट्झर यांनी 'असं झालं की तसं करीन' या धाटणीच्या संकल्पांवर बरंच काम केलं. अशा ९४ चाचण्यांचा २००६ मधला एकत्रित आढावा सांगतो, की नुसत्या इच्छेपेक्षा असा संकल्प तडीस जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. देवापुढे निरांजन लावलं की चप्पल घालायची, इतकं ठोस ठरवा. अलार्म लावायचाच तर भेटीच्या वेळेचा लावू नका, खुर्चीतून उठण्याच्या वेळेचा लावा.

सकाळच्या उशिराची मुळं मात्र रात्रीच्या झोपेत असतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि बेळगाव आहे साधारण ७४.५ अंशांवर. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागे असतो. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, तर शाळा आणि कारखाना भिंतीवरच्या घड्याळावर. निपाणी, चिकोडी, खानापूर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे उठल्याबरोबर दहा मिनिटं अंगणात उजेडात उभं राहणं आणि रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवणं आपल्या भागात जास्तच गरजेचं आहे.

राहिला प्रश्न चारचौघांच्या कामाचा. गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीला दहा जण हवेत आणि प्रत्येक जण दहापैकी आठ वेळा वेळेवर येतो असं धरू. तशी ही माणसं चांगलीच म्हणायची. तरीही दहाच्या दहा जण वेळेवर हजर असण्याची शक्यता निघते जेमतेम ११ टक्के. म्हणजे सगळे जमल्यावर सुरू करायचं ठरवलं, की बैठक जवळजवळ नेहमीच लांबणार. मग वेळेवर येणाराही शिकतो की आठची बैठक साडेआठला असते, आणि पुढच्या वेळी तो सव्वाआठला घरातून निघतो. गल्लीतल्या मंडळांना यावर एक साधा उपाय करता येईल: मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचण्यासारखा, सगळ्यांची गरज नसलेला विषय पहिला घ्यायचा आणि आठच्या ठोक्याला असतील तितक्या माणसांत वाचायला सुरुवात करायची.