कस्टम एरर पेज (अनधिकृत प्रवेशासंबंधी)

वेब ॲप्लिकेशनमधील एखादे पान वा फाइल पाहण्याचा अधिकार नसलेल्याने ती मागितली, तर सर्व्हरच्या ठरीव त्रोटक संदेशाऐवजी ॲप्लिकेशनने स्वतः तयार ठेवलेले जे पान दाखवले जाते, ते कस्टम एरर पेज. या संदर्भात एचटीटीपीचे (ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमावलीचे) दोन स्थितिसंकेत, म्हणजे उत्तराचा निकाल सांगणारे तीन अंकी आकडे, महत्त्वाचे आहेत : ४०१, म्हणजे मागणाऱ्याची ओळख पटलेली नाही, आणि ४०३, म्हणजे मागणी कळली, पण ती पुरी करण्यास नकार आहे.

उगम : एचटीटीपीच्या १९९१ मधील आद्य रूपात स्थितिसंकेत नव्हते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतील, साधारणतः १९९२ च्या, मसुद्यात ते प्रथम आढळतात. तीन अंकी रचना एफटीपी (फाइल पाठवण्याचा) व एसएमटीपी (ईमेल पाठवण्याचा) या जुन्या प्रोटोकॉलांवरून आली असावी, असे सामान्यतः मानतात. पहिल्या अंकाने उत्तराचा वर्ग दाखवण्याची पद्धत पाहता हे मत ग्राह्य वाटते. त्रुटीच्या उत्तरासोबत माणसाला वाचता येईल असा खुलासा पाठवण्याची मुभा याच मसुद्यात आहे. एरर पेजचे मूळ तेथेच शोधणे सयुक्तिक ठरेल. पुढे आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) १९४५ मध्ये (मे १९९६) दोन्ही संकेत नोंदले गेले.

४०३ चा अर्थ मात्र स्थिर राहिला नाही. आरएफसी २६१६ (१९९९) नुसार अशा वेळी ओळख पटवून उपयोग नसे. आरएफसी ७२३१ (२०१४) ने हे सौम्य केले : दिलेली ओळख अपुरी असेल तरीही ४०३ योग्य, आणि वेगळी ओळख घेऊन पुन्हा मागणी करता येते. आरएफसी ९११० (२०२२) मध्ये हीच भूमिका कायम आहे. दरम्यान लॉगिन केलेल्या, परंतु पुरेसा अधिकार नसलेल्या व्यक्तीलाही ४०१ देण्याची रीत काही फ्रेमवर्कांत (ॲप्लिकेशन बांधण्याच्या तयार सांगाड्यांत) रुजली. एएसपी डॉट नेट एमव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कच्या जुन्या रूपात अशी व्यक्ती लॉगिन झालेली असतानाही पुन्हा लॉगिनच्या पानावर फेकली जाई. तिसरी रीत ४०४ (‘पान सापडले नाही’) देऊन पान अस्तित्वात असल्याचेच लपवण्याची; गिटहब हे संगणकीय कोड साठवण्याचे संकेतस्थळ खासगी रिपॉझिटरींबाबत (कोडच्या संग्रहांबाबत) हेच करते आणि मानकालाही ते मान्य आहे. तथापि ज्याचे अस्तित्व हेच गुपित आहे, तेवढ्यापुरतेच ते राखून ठेवणे अधिक योग्य दिसते. अन्यथा हक्काचा वापरकर्ता पत्ता चुकला असे समजून परत जातो.

कार्यपद्धती : अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ‘एररडॉक्युमेंट’, एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये ‘एरर_पेज’ या निर्देशांनी, तर जँगो या फ्रेमवर्कमध्ये ‘४०३.एचटीएमएल’ या साच्याने पान नेमता येते. ४०१ च्या उत्तरात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हे शीर्षक (हेडर, म्हणजे उत्तरासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) अनिवार्य असते. ओळख पटवण्याच्या ‘बेसिक’ (साध्या नाव-पासवर्डच्या) पद्धतीत ते वाचून ब्राउझर पासवर्डची चौकट उघडतो आणि वापरकर्त्याने ती रद्द केली तरच नेमलेले पान दिसते. अपाचेत ४०१ साठी पूर्ण यूआरएल दिल्यास सर्व्हर ब्राउझरला तिकडे वळवतो, मूळ संकेत हरवतो आणि पासवर्डची चौकट उघडतच नाही. म्हणून तेथे स्थानिक पत्ताच द्यावा लागतो. हा दोष एका सर्व्हरपुरता नाही. एएसपी डॉट नेटची ‘कस्टमएरर्स’ ही सोय मूळ मांडणीत ३०२ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) ने वळवून शेवटी २०० (‘यशस्वी’) देते, त्यामुळे शोधयंत्रे व देखरेखीची साधने नकाराला यश समजतात. ‘रिस्पॉन्सरीराइट’ या पर्यायाने पत्ता न बदलता पान देता येते. तरी अंतिम संकेत कोणता जातो, हे तपासावेच लागते.

सुरक्षा : नकाराच्या पानावर फाइलचा मार्ग, सर्व्हरची आवृत्ती किंवा पान पाहण्यास आवश्यक भूमिकेचे (उदा. ॲडमिन) नाव उघड होऊ नये. निरनिराळ्या त्रुटींना निरनिराळी उत्तरे देणेही घातक ठरू शकते. सप्टेंबर २०१० मध्ये जुलियानो रिझ्झो व थाय दुओंग या सुरक्षा संशोधकांनी एएसपी डॉट नेटवरील ‘पॅडिंग ओरॅकल’ हल्ला दाखवला. सर्व्हरच्या उत्तरांतील फरकांवरून सांकेतिक मजकूर उलगडता येत होता. दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सर्व त्रुटींसाठी एकच एरर पेज ठेवण्याचा आणि शक्य तेथे ते यादृच्छिक विलंबाने देण्याचा तात्पुरता उपाय सुचवला. दुरुस्ती त्याच महिन्याच्या २८ तारखेस आली.

एपीआयमध्ये (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या दुव्यात) पानाऐवजी जेसॉन या यंत्राला वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपातील खुलासा पाठवतात. त्याचे मानक आरएफसी ७८०७ (२०१६) असून २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली.