तारेचा कोन आणि फेराइटमधली लहर

फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय सिरॅमिक, विद्युतरोधक असते, आणि त्यात चुंबकीय लहर उठवायची तर नेमके तेच हवे असते. धातूत गिगाहर्ट्झच्या वारंवारतेला आवर्त प्रवाह (बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि लहर तिथल्या तिथे विरते. मग फेराइटमध्ये चुंबकीय लहर उठवायला विद्युतप्रवाहाचा उपयोग काय? तो आत शिरत नाही. वरून गेलेल्या बारीक पट्टीतून तो वाहतो आणि आत पोहोचते ते त्याच्याभोवतीचे चुंबकक्षेत्र.

प्रयोगांत बहुधा यिट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे ‘यिग’ वापरतात. काटेकोर बोलायचे तर हे गार्नेट, पण मायक्रोवेव्हवाले त्याला फेराइटांतच मोजतात. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटच्या चकतीवर वाढवलेला 5 मायक्रोमीटर जाडीचा यिगचा थर घ्या आणि कायमचुंबकाने त्याच्या पातळीत, म्हणजे थराला समांतर, 0.1 टेस्ला क्षेत्र लावा. आतले अणुचुंबक त्या दिशेने उभे राहतात. त्यांना कुणी बाजूने ढकलले, तर ते कललेल्या भोवऱ्यासारखे डोलू लागतात. एका टेस्लाला 28 गिगाहर्ट्झ, या हिशोबाने डोलण्याची वारंवारता 2.8 गिगाहर्ट्झ यायला हवी. पण थराचे स्वतःचे चुंबकन, म्हणजे अणुचुंबकांची एकत्रित चुंबकता, त्यात भर घालते आणि सगळे अणुचुंबक एकत्र डोलतात ते सुमारे 4.6 गिगाहर्ट्झला. शेजारच्यापेक्षा प्रत्येक जण जरा मागे राहून डोलू लागला, की तीच झाली स्पिन-लहर.

‘बाजूने ढकलले’ हे शब्द महत्त्वाचे, कारण चुंबकनाला समांतर असलेले क्षेत्र पीळ देऊच शकत नाही. समजा पट्टी कायमचुंबकाच्या क्षेत्राला समांतर आहे. मग तिचे फिरते क्षेत्र सगळेच्या सगळे चुंबकनाला आडवे पडते: थराच्या पातळीतला भागही ढकलतो, उभा भागही. जोरदार पृष्ठलहर, म्हणजे थराच्या पृष्ठभागाला धरून जाणारी स्पिन-लहर, उठते, 4.6 ते साधारण 5.25 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. गंमत म्हणजे पट्टीच्या एका बाजूला हे दोन्ही धक्के एकमेकांना साथ देतात, तर दुसऱ्या बाजूला विरोध करतात. त्यामुळे लहर एकाच दिशेला जोरात जाते, आणि चुंबक उलटा केला की ती दिशाही उलटते. आता पट्टी क्षेत्राला काटकोनात फिरवा. पातळीतला भाग चुंबकनाच्याच दिशेत गेल्याने वाया जातो, उरतो फक्त उभा भाग. लहर उठते, पण क्षीण आणि वेगळ्या जातीची: 4.6 गिगाहर्ट्झच्या खालची.

पट्टीची रुंदी तरंगलांबीची मर्यादा ठरवते. 50 मायक्रोमीटर रुंदीच्या पट्टीखाली 50 मायक्रोमीटरची लहर उठवायला गेलात, तर अर्ध्या भागातला धक्का दुसऱ्या अर्ध्याचा खोडून काढतो. आखूड लहर हवी असेल तर पट्टी अरुंद हवी. नाहीतर नागमोडी पट्टी वापरा: तिच्या शेजारच्या फाट्यांत प्रवाह उलटसुलट असतो, म्हणून दोन फाट्यांतल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लहर ती निवडते. पट्टीचे टोक परिपथाच्या ग्राउंडला जोडून शॉर्ट करतात, म्हणजे तिथे प्रवाह सर्वाधिक मिळतो. थर त्या टोकाजवळच ठेवावा.

8 मिलिमीटरवर दुसरी पट्टी ठेवून लहर पकडताना पहिला घोटाळा होतो तो थेट गळतीचा. रेडिओलहर एका नॅनोसेकंदाच्या आत हवेतूनच पोहोचते, तर स्पिन-लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 40 किलोमीटर, म्हणजे तिला 200 नॅनोसेकंद लागतात. छोटा स्पंद सोडून आधी आलेला भाग वगळला, की दोन्ही वेगळ्या दिसतात. थराची टोके सरळ कापलेली असली, तर परावर्तित लहरी मिसळून आलेखावर खोटे चढउतार दिसतात. टोके तिरपी कापणे हा साधा उपाय. थर तापला तर चुंबकन घटते आणि वारंवारतेचा सगळा पट्टा खाली सरकतो.

आवाज वाढवला की जास्त ऐकू येईल, तशी पट्टीला दिलेली शक्ती वाढवली की संकेतही वाढेल, ही अपेक्षाही फसते. क्षेत्र साधारण 0.0875 टेस्लापेक्षा कमी असेल, तर जोरदार पृष्ठलहर फुटून निम्म्या वारंवारतेच्या दोन लहरी बनू शकतात. शक्ती वाढत जाते आणि दुसऱ्या पट्टीवरचा संकेत आहे तिथेच अडतो. 0.1 टेस्लाला तसे फुटता येत नाही, कारण निम्मी वारंवारता 2.8 गिगाहर्ट्झच्या खाली पडते आणि तिथे लहरींना जागाच नसते.